गौराच्या कानी ताशा

खाटेवर पडल्यापासून नागप्पांचे कान लय तिखट झाले होते. ओसरीतून त्यांना दिसायचा तो लिंबाचा बुंधा, पाण्याची टाकी आणि झरी गावाकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा. तबेला आखाड्याच्या, म्हणजे रानातल्या या घराच्या, मागच्या अंगाला होता. तिकडचं जे काही कळायचं ते कानांनीच.

आणि गेले बारा दिवस कानांना जे कळत होतं, ते काही बरं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला एक मोटारसायकल रस्त्यावरून आत वळायची. पण अंगणात यायची नाही. अलीकडंच, नळकांडी पुलापाशी बंद व्हायची. मग चपलांचा आवाज घराला वळसा घालून मागं जायचा. त्यानंतर तासभर सगळं चिडीचूप. मधूनच सून महेश्वरीचा हलका आवाज यायचा, "हो... हो गं बाई... हो." आणि गौरा? गौराच्या टापेचासुद्धा आवाज नाही.

हेच नागप्पांना खटकत होतं. गौरा म्हणजे सव्वादोन वर्षांचं शिंगरू. पांढरी धोप, गुलाबी नाकाची, पण भित्री अशी की टाकीवर कावळा बसला तरी दावं तोडायला बघायची. महिन्यापूर्वीपर्यंत दिवसातून दहा वेळा तिचं खिंकाळणं ऐकू यायचं, भिंतीवर लाथा बसायच्या. आणि आता एकाएकी ती देवळातल्या नंदीसारखी गप्प झाली होती. शिंगरू असं आपोआप गप्प होत नसतं. नागप्पांनी चाळीस वर्षं लग्नाच्या वरातीत घोड्या नाचवल्या होत्या. जत्रेच्या बाजारात अफूची गोळी चारून गरीब केलेली जनावरं त्यांनी कितीतरी बघितली होती.

एका सकाळी त्यांनी फर्मान सोडलं. "महेश्वरी, गौराला म्होरं आण. मला बघायचीय."

महेश्वरी तिला तोंडाच्या मोरखीला धरून घेऊन आली. पालमकडची पोर, दहा वर्षांपूर्वी सून होऊन आली तेव्हा घोड्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. नागप्पांचा खुबा मोडला आणि मुलगा शिवकुमार दिवसभर झरीच्या दुकानात, म्हणून चंदी-पाणी आणि खरारा तिच्या गळ्यात पडला. गौरा तिच्या खांद्यामागून चालत आली. काढणीची दोरी ढिली होती, तरी ती महेश्वरीच्या पुढं गेली नाही. महेश्वरी थांबली तशी तीही थांबली.

नागप्पांनी खाटेवरूनच वाकून गौराची पापणी उलटायला हात पुढं केला. गौरा झटकन मागं सरली.

"धर तिला नीट!"

"धरलंय मामा. तुमी जरा सावकाश हात न्या."

शेवटी महेश्वरीनंच पापणी वर केली, ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. डोळे काचेसारखे स्वच्छ, हिरड्या गुलाबी. अफू नव्हती. नागप्पांचा जीव खाली बसायच्या ऐवजी आणखीच वर टांगला. अफू न्हाई, तर मग काय?

"दुपारी कोण येतंय?" त्यांनी एकदम विचारलं.

महेश्वरीनं मान खाली घातली आणि गौराच्या आयाळीतला गोखरू काढायला लागली. "कोण न्हाई. लाईनमन आला असंल."

"बारा दिवस झालं लाईनमन यायलाय?"

ती वळली. गौराला घेऊन मागं निघून गेली.

रात्री शिवकुमार जेवायला बसला तेव्हा नागप्पांनी त्याला छेडलं. तोही ताटातून मान वर न करता म्हणाला, "आप्पा, पडून पडून तुमाला कायबी वाटायलंय." म्हणजे नवरा-बायको एका माळेचे मणी. नागप्पांनी मनाशी हिशोब जुळवला. शिंगरू विकायचं चाललंय. गिऱ्हाईक रोज येऊन बघतंय. जनावर हाताला गरीब झालं की एक दिवस टेम्पो येईल, आणि म्हातारा खाटेवरून नुसता आवाज ऐकत राहील.

तेराव्या दिवशी वारा फिरला. दुपारी मागून येणाऱ्या झुळकीबरोबर एक आवाज आला आणि नागप्पांच्या अंगावर काटा उभा राहिला. तडतड. थांबून पुन्हा तडतड. पोत्याखाली कोंडल्यासारखा, बारीक, पण तो ताशा होता. चाळीस वर्षं ज्यानं वाद्यांच्या पुढं घोडी चालवली, त्याला ताशा ओळखायला वेळ लागत नाही.

शेजारच्या रानात सोयाबीन काढणारी सरजाबाई टाकीवर पाणी भरून घ्यायला आली होती. नागप्पांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"मागं कोण हाय गं?"

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुमाला ठाव न्हाई? त्यो बँडातला की. सिद्धोधन."

नागप्पांच्या डोक्यात सणक गेली.

जूनअखेरची जिंतूरची वरात त्यांना पुन्हा दिसली. हंगामातलं शेवटचं लग्न. नवरदेव घोडीवर, लगाम नागप्पांच्या हातात, पुढं बँड. घोडी म्हणजे गौराची आई, अकरा वर्षांची, हजार वराती केलेली. आणि ती चौकात एकाएकी उधळली. नवरदेव मांडवाच्या कमानीला लटकून वाचला, नागप्पा फरफटत गेले. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांना सगळ्यात जवळ दिसला तो ताशा आणि ताशेवाला सिद्धोधन. दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं होतं, "त्या पोरानं मुद्दाम घोडीच्या कानाशी ताशा वाजवला." आणि उधळलेली घोडी घरात नको, म्हणून आठवड्याच्या आत, पडल्या जागेवरूनच, पहिल्या आलेल्या दलालाला देऊन टाकली. कुठं गेली ते त्यांनी विचारलंही नव्हतं.

आणि आता तोच माणूस तिच्या लेकीपाशी ताशा घेऊन बसला होता. त्याला सुनेनं बोलावलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर घेऊन चाला, पण धरायला माणूस पाहिजे. नागप्पांनी माणूस बोलावला नाही. त्यांनी वॉकर ओढला, दात आवळून उभे राहिले आणि निघाले. ओसरीची पायरी उतरताना घामानं कपाळावरचं भस्म ओघळलं. घराच्या कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. भिंतीला टेकून त्यांनी मान पुढं काढली.

मोकळ्या जागेत महेश्वरी लांब काढणी धरून उभी होती. काढणीच्या दुसऱ्या टोकाला गौरा. वीसएक पावलांवर सिद्धोधन जमिनीवर बसला होता. शिंगराकडं पाठ करून. मांडीवर ताशा, त्यावर पोतं, आणि पोत्यावर तो नुसत्या बोटांनी वाजवत होता. गौरानं मान वर ताणली, कान टवकारले. महेश्वरीनं डावा हात उचलला. तिच्याकडं तोंड करून शेडच्या सावलीत बसलेली नात सृष्टी म्हणाली, "बास काका." ताशा थांबला. महेश्वरी काही न करता उभी राहिली. बराच वेळ. मग गौरानं श्वास सोडला, जीभ ओठावरून फिरवली आणि मान खाली घातली. "हो गं बाई," महेश्वरी म्हणाली आणि तिची मान चोळायला लागली. सृष्टी म्हणाली, "हं, काका." ताशा पुन्हा सुरू झाला.

नागप्पांना यातलं दिसलं सगळं, पण पटलं काही नाही. दुश्मन त्यांच्या आवारात बसला होता.

"ए!" ते ओरडले. "कुणाच्या परवानगीनं आत आलास रे?"

गौरा उडाली. ताशाला जी नुसती मान वर करत होती, ती नागप्पांच्या आवाजासरशी चारी पायांवर उसळली, काढणीला हिसका बसला, महेश्वरी दोन पावलं ओढली गेली. पण तिनं काढणी आवळली नाही. सैल सोडत, गौराबरोबर गोल फिरत ती हळूहळू थांबली. गौरा तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. थरथर कापत होती, आणि बघत होती ती नागप्पांकडं.

सिद्धोधन उठून उभा राहिला. तिशीचा, शिडशिडीत माणूस. "आप्पा, बसा आधी. पडताल."

"तू मला बस म्हणतूस? माझी घोडी उधळवलीस, माझं हाड मोडलंस, आता हिच्या मागं लागलास?"

"मी त्या दिवशी वाजवतच नव्हतो आप्पा."

"खोटं बोलायलास!"

महेश्वरीनं गौराला खुंट्याला बांधलं. घरातून खुर्ची आणली, नागप्पांना बसवलं आणि त्यांच्या हातात आपला फोन दिला. "बगा. लग्नावाल्यांनी काढलेली शूटिंग हाय. मी लय डाव बघितलीय."

पडद्यावर जिंतूरचा चौक होता. दिव्यांचा झगमगाट, नाचणारी पोरं, मध्ये घोडी. मागच्या बाजूला फटाक्याची माळ लागली. घोडीनं मान झटकली. सिद्धोधनच्या काड्या वर उचललेल्या होत्या, तो मागं वळून बाकीच्यांना थांबा थांबा म्हणून खुणावत होता. आणि फेट्यातला एक माणूस लगामाला खाली हिसका देत होता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा घोडी उधळली.

"ही कुठून सुरू केलीय?" नागप्पांनी विचारलं. आवाजातला संशय अजून गेला नव्हता. "त्याच्या आधीचं कापलं असंल. आधीचं दाखीव."

महेश्वरीनं आधीचं दाखवलं. आधीच्यात घोडीचे कान मानेला चिकटलेले होते. ती मागं सरायला बघत होती आणि फेट्यातला माणूस तिला पुढं ओढत होता. घोडी सांगत होती. दहा मिनिटं सांगत होती. नागप्पांनी तो भाग पुन्हा बघितला. मग पुन्हा एकदा. तो हात त्यांचाच होता, मनगटातल्या चांदीच्या कड्यासकट.

"मला पहिल्याच दिवशी का न्हाई दाखविलं?"

"दाखविली असती तर फोनच फेकला असता तुमी," महेश्वरी म्हणाली. "माझे आबा नव्या गोऱ्ह्याला महिनाभर नुसतं औताच्या आवाजाची सवय लावायचे, मग खांद्यावर जू. मला वाटलं, हिलाबी तसंच करावं. हिला ताशाचं भ्या घालवायचं तर ताशेवालाच पाहिजे. दुसरा कोण आला असता?"

नागप्पांनी सिद्धोधनकडं बघितलं. "आन तुला काय पडलंय? तू का यायलास?"

सिद्धोधननं ताशावरचं पोतं सारखं केलं. "तुमी नाव घेतल्यापासून बँडात मला कुणी घेत न्हाई. घोडी उधळविणारा म्हणतेत. एक डाव ह्याच घोडीच्या लेकीम्होरं वाजविलं आन ती शांत चालली, तर लोकांची तोंडं बंद व्हतील. म्हणून यायलोय. तुमच्यावर उपकार म्हणून न्हाई."

हे उत्तर नागप्पांना आवडलं नाही, पण पटलं. कुणी नुसता चांगुलपणा सांगितला असता तर त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नसता.

त्यांनी फोन परत पुढं केला. मग महेश्वरीला म्हणाले, "बँडमास्तराला फोन लाव."

तिनं लावला. नागप्पांनी खाकरून घसा साफ केला. "मी नागप्पा बोलायलोय, झरीचा. जिंतूरच्या वरातीत चूक माझ्या हाताची व्हती. ताशेवाल्याची न्हाई. व्हय, मीच सांगायलोय. शूटिंग हाय, पाठवितो." तिकडून काहीतरी विचारलं गेलं, ते त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. सिद्धोधन खाली बघत चपलेनं माती उकरत होता.

"घोडी कुठं गेली, काई कळलं का कुणाला?" नागप्पांनी थोड्या वेळानं विचारलं.

कुणालाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल पुलापाशी थांबायची सोडून अंगणात यायला लागली. महेश्वरीनं मोकळ्या जागेच्या अगदी टोकाला, ताशाच्याही पलीकडं, एक खुर्ची मांडली. "मामा, तुमी हितं बसायचं. बोलायचं न्हाई, खोकायचं बी न्हाई. ती ताशाला आता भीत न्हाई, तुमाला भितीय."

चाळीस वर्षं घोड्यांवर हुकूम चालवलेला माणूस शिंगराला सवय व्हावी म्हणून गप्प बसून राहिला. पहिले दोन दिवस गौरानं त्यांच्यावरची नजर काढली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चारा खाल्ला. रोज खुर्ची तीन-चार पावलं पुढं यायची. सिद्धोधन ताशावरचं पोतं काढून वाजवायला लागला, मग काड्या घेतल्या. काड्या हातात आल्या की नागप्पांचे डोळे आपोआप त्यांच्यावर जाऊन बसायचे. फोन केला म्हणून काय झालं, जनावर माझं आहे, असं त्यांच्या मनात यायचंच. सिद्धोधनलाही ते कळायचं. तो पाठ करून वाजवायचा.

दहाव्या दिवशी महेश्वरीनं काढणी पुरती ढिली सोडली. गौरा मान लांब करून एकेक पाऊल पुढं आली. तिचं गुलाबी नाक नागप्पांच्या गुडघ्याला लागलं, मग वॉकरच्या दांडीला, मग पुन्हा गुडघ्याला. नागप्पांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"आता बोला आप्पा," सिद्धोधन हळूच म्हणाला. "पर सावकाश."

 घोड्याशी बोलायचे नागप्पांचे सगळे शब्द हुकमाचे होते. शेवटी ते म्हणाले, "चारा खाल्लास का गं?"

गौराचा एक कान त्यांच्याकडं वळला. दुसरा ताशाकडंच होता.