तीन पाणी

हिरड्याचा काढा निवेपर्यंत मीनलताई टेबलाशी बसून राहिल्या. समोरच्या पांढऱ्या बशीत ओळखपत्राचं जुनं कार्ड होतं. कोपऱ्यात चष्मा लावलेल्या तरुणाचा फोटो, आणि नावाच्या ओळीवर नुसता पिवळट कागद.

"मावशी, अजून विचार कर," सई म्हणाली. "कार्ड खराब झालं तर? कार्ड म्युझियमला द्यायच्या फॉर्मवर 'नाव अज्ञात' चालतं, मी बघितलंय."

"हन्नाबाईंना माहीत होतं ना? मग अज्ञात कसं?"

हन्नाबाई म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दुसऱ्या महायुद्धानंतर भावाच्या आधाराने बेल्जियमहून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्र्याहत्तर साली मीनलताई बीएस्सी होऊन तिथे लागल्या, तेव्हा बाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. आम्लातून काढलेल्या भांड्याला तीन पाणी द्यायची, म्हणजे तीनदा धुवायचं. "दो पानी म्हणजे झीरो पानी, मीनल!" दुपारी त्याच बाई धुतलेल्या बीकरमधून सगळ्यांना चहा द्यायच्या. त्या चहाची चव मीनलताईंना पुन्हा कुठे मिळाली नाही.

बाईंचं लग्न झालंय असं सगळ्यांनी धरलेलंच होतं, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका त्यांनाही बोलवायच्या. "नाव घ्या, बाई!" असा गलका झाला की बाई मान खाली घालायच्या. "बघा, आपल्यापेक्षा ह्याच मराठी! नवऱ्याचं नाव म्हणून तोंडातून निघत नाही." सगळ्या हसायच्या. मीनलताईही हसल्या होत्या.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी बाईंनी हे कार्ड मीनलताईंच्या हातात ठेवलं, तेव्हा खरं काय ते कळलं. नाझींच्या ताब्यातल्या ब्रसेल्समध्ये एका धुलाईच्या दुकानामागे त्या आणि फोटोतला हा तरुण ज्यू लोकांच्या कार्डांवरची नावं ऑक्झॅलिक आम्लाने पुसायचे आणि खोटी लिहायचे. दोघांचं लग्न ठरलेलं होतं. गटाचा नियम एकच, खरं नाव कुणी उच्चारायचं नाही. पकडलं गेलं तर जिभेवर काही असता कामा नये. त्याने सगळ्यांची कार्डं आधी करून घेतली, स्वतःचं शेवटी ठेवलं. बाईंनी त्याचं नाव पुसलं, एक पाणी दिलं, आणि जिन्यावर बूट वाजले. कार्ड बाईंच्या खिशात खुपसून तो आपणहून खाली उतरला, त्यांना मागच्या दाराने निघता यावं म्हणून. तो परत आला नाही.

"तीन पाणी नाही दिया," बाई सारख्या म्हणत होत्या. "बाकी सबको दिया." नाव मात्र त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. पुढे काही वर्षांनी त्या वारल्या.

काम अर्धवट राहिल्याची ती खंत असेल, असंच मीनलताई इतकी वर्षं समजत आल्या. गेल्या आठवड्यात सईने फॉर्म आणला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. जुनी शाई लोहाची. नीट धुतलं नाही तर शाई दिसेनाशी होते, लोह कागदातच राहतं. आणि लोहाला हिरडा लागला की काळं होतं. बदलापूरच्या बाजारातून त्यांनी मूठभर हिरडे मागवले.

चुन्याच्या निवळीने त्यांनी आधी कार्डात उरलेलं आम्ल मारलं. मग काडीला कापूस गुंडाळून काढा ओळीवर टेकवला.

काहीच झालं नाही. सई खिडकीपाशी गेली. एमआयडीसीकडून तोच ओळखीचा उग्र वास येत होता. मीनलताईंनी दुसऱ्यांदा कापूस टेकवला, आणि कागदावर करडी रेघ उमटली. मग तिला एक बाक आला. मग दुसरं अक्षर.

"सई!"

पाच अक्षरं स्पष्ट आली. पुढे आडनावाच्या जागी तपकिरी डाग पसरला आणि तसाच राहिला.

"Jakob," सईने वाचलं. "आणि आडनाव? मावशी, ते तर गेलंच गं."

"गेलं," मीनलताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आडनावाचा रकाना मोकळा ठेव. नाव घ्यायला आडनाव लागत नाही."

मग त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि हन्नाबाईंच्या वतीने, मोठ्याने म्हणाल्या, "याकोब."