शंभर वॅट आणि सरस्वतीचा धवला

मित्रांनो, मी घणसोली गावातला एक जुना अॅम्प्लिफायर. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'शंभर वॅट' लिहिलंय आणि तो आकडा खरा आहे. हल्ली माझ्या निम्म्या अंगाची खोकी 'पाच हजार वॅट'ची चिठ्ठी मिरवत फिरतात. क्षणभर उडालेल्या ठिणगीलाच ती ताकद म्हणतात. तासन्‌तास न थकता देता येईल तेवढीच आपली ताकद, असं मला घडवणारा हिरामण म्हणायचा.

दिघ्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात त्याने मला जोडलं. जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या माझ्यात नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत. त्यांची उष्णता बाहेर पडावी म्हणून पाठीला अॅल्युमिनियमची पाती लावली. फार तापलो तर मला आपोआप बंद पाडणारा एक रिलेही आत बसवला. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

मांडववाल्या शिवाने मला विकत घेतलं. वीस वर्षं मी साखरपुडे, पूजा आणि क्रिकेटचे सामने गाजवले. मग त्याने मोठा चकचकीत सेट आणला आणि मी गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

यंदा शिवाच्या मुलीचं, संध्याचं लग्न ठरलं. मोठा सेट दुसऱ्या मांडवात अडकला होता, म्हणून शिवाने मला खाली काढून धूळ झटकली. पण घरात घोर वेगळाच होता. शिवाची थोरली बहीण सरस्वती गावाची धवलारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, धवले, गाणारी. तिने लग्नाचा धवला गायल्याशिवाय या घरातली नवरी बोहल्यावर चढत नाही. पस्तीस वर्षं तिला माइक लागला नव्हता. या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाचा नुसता श्वास उरला. दुसरी धवलारीण बोलावू म्हटलं, तर संध्या हटून बसली. "आत्याच गानार. नायतर मी मांडवात येनार नाय."

मुहूर्त बारा वीसचा होता. दहा वाजल्यापासून शिवाचा धाकटा भाऊ मिथुन आपला मोबाइल मला जोडून नाचाची गाणी वाजवत होता. त्याने दोनाचे चार स्पीकर केले. चौघे एकदम ओढू लागल्यावर माझा जीव मेटाकुटीला आला.

"मिथुन, तापलाय तो. कमी कर जरा," शिवा म्हणाला.

"काय टेन्शन घेतंस दादा? बटन चारवरच हाय. अजून सा नंबर बाकी हायेत!"

मित्रांनो, इथेच भलेभले फसतात. बटणावरचा आकडा म्हणजे खर्ची पडलेली ताकद नव्हे. तो गेन. आत आलेला आवाज मी किती पटींनी वाढवायचा, एवढंच तो सांगतो. मोबाइलचा आवाज आधीच दांडगा होता, त्यामुळे चारवरच माझे शंभर वॅट संपले होते. पुढे नुसते आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जात होते, गाणं फाटत होतं आणि लोकांना वाटत होतं, काय जोर आहे!

बारा पाचला सरस्वती नवं लुगडं नेसून माइकसमोर आली, आणि खट्! रिलेने मला बंद पाडलं. तिचे ओठ हलले, पण पहिल्या रांगेलाही काही ऐकू गेलं नाही. तिने पदर तोंडाशी नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिवा धावत आला. त्याने दोन स्पीकरच्या तारा उपटल्या, मोबाइलची वायर ओढून काढली आणि पुठ्ठ्याने माझ्या पात्यांना वारा घालू लागला. बारा दहा झाले. भटजी घड्याळ बघू लागले. आतल्या खोलीतून संध्याचा निरोप आला, आत्या गायली का? बारा चौदाला कुणीतरी म्हणालं, "राहू दे आता धवला, मुहूर्त टळेल." शिवाने मान वर केली नाही. तो वारा घालतच राहिला.

पुन्हा खट् झालं आणि माझा लाल दिवा लागला.

शिवाने माइकचं बटण चारवर नेलं. काहीच ऐकू येईना. सहावरही नाही. सातवर माझ्यातून बारीक शीळ निघाली, कारण स्पीकरचा आवाज माइकात परत शिरत होता. शिवाने स्पीकरची तोंडं सरस्वतीपासून फिरवली, माइक तिच्या ओठांना टेकवला आणि बटण नवावर न्यायला गेला.

मिथुनने त्याचा हात धरला. "दादा, चारवर बंद पडला. नवावर पेटंल ना!"

"नाय पेटनार. तिचा आवाज येतोयच एवढासा. तो वाढवायला नको?"

बटण नवावर गेलं आणि तो श्वास माझ्यात आला. इतका हलका, की हरवून जाईल अशी मला भीती वाटली. मी तो जपून वाढवला, एकही शेंडा छाटू दिला नाही. पाच वॅटसुद्धा लागले नसतील. खरखरीत, मोडका, पण सरस्वतीचाच सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. बायका रडू लागल्या.

मुहूर्ताला मिनिटभर उरलं असताना धवला संपला. सरस्वतीचा स्वतःवर विश्वास बसेना. "संध्या, आयकू आलं का गो?" तिने माइकातच विचारलं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुंडावळ्या बांधलेली संध्या उंबऱ्यात उभी होती. "आलं गो आत्या. सगलं आलं."

मित्रांनो, आमच्याकडून काम घेताना बटणाच्या आकड्यावर विसंबू नका. मधूनमधून पाठीला हात लावून बघा. स्पीकर झेपतील तेवढेच जोडा. नाचगाण्यातच आमचा जीव संपला, तर माइकसमोर उभ्या राहिलेल्या सरस्वतीने काय करायचं?