सहा नंबरचं कार्ड

"हे काय रे वेंडेल? गोळ्या भरायला विसरलास की काय?"

हॉबर्टने कार्ड टेबलावर ठेवलं आणि वेंडेल टॅकेट बघतच राहिला. कार्ड सात नंबरच्या निशाणाच्या चौकटीवरचं. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचंच नाव. आणि कार्ड कोरं! एक भोक नाही, एक ओरखडा नाही. पंचवीसच्या पंचवीस वर्तुळं छापखान्यातून आली तशी गुळगुळीत.

"हे माझं नाही," वेंडेल म्हणाला.

"नाव तर तुझंच आहे बाबा."

"अरे, पंचवीस गोळ्या झाडल्यात मी! तू माझ्या मागेच उभा होतास की!"

"होतो ना. आवाज पण ऐकले." हॉबर्ट हसला. हा नेमबाजीच्या क्लबचा प्रमुख. स्पर्धा चालवायची, चौकटीवरची कार्डं उतरवून आणायची, हे त्याचंच काम. "गोळ्या लाजल्या असतील वाटेत."

दोघंतिघं खो-खो हसले. गुण मोजायला बसलेल्या व्हर्डाबाईंनी मात्र भिंग खाली ठेवलं. "हसू नका रे. बंदुकीतून निघालेली गोळी कुठेतरी लागतेच. बघा आधी, कुठे लागल्यात ते."

हॉबर्टने न बघताच उतरवून आणलेली हातातली बाकीची कार्डं चाळली. पाच नंबर बघितलं, आठ नंबर बघितलं. मग मधलंच एक कार्ड त्याने दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केलं.

"सहा नंबर," तो म्हणाला.

सहा नंबरच्या टेबलावर त्या दिवशी कोणी बसलंच नव्हतं. ती जागा डॉयल स्टंबोची, आणि डॉयलला पुरून अजून दोन आठवडेही झाले नव्हते. अंगणातलं गवत कापता कापता माणूस खाली बसला तो उठलाच नाही. वय काय, तर अठ्ठावन्न. वेंडेलला फोन आला तेव्हा तो हार्डवेअरच्या दुकानात कोणाच्या तरी स्वयंपाकघरासाठी फिक्का पिवळा रंग ढवळत होता. बातमी ऐकून तो "बरं" म्हणाला आणि ढवळतच राहिला. गिऱ्हाइकाने हाक मारली तेव्हा डबा सांडून सगळं काउंटर पिवळं झालेलं होतं.

केंटकीच्या त्या डोंगराळ भागात ह्या खेळाचं कोणाला फार कौतुक नाही. हरणं मारणारे लोक ते. कागद मारणाऱ्यांना हसायचेच. रायफल सिमेंटच्या टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवायची, वर घोड्याच्या पायाएवढी दुर्बीण, आणि पन्नास यार्डांवरच्या कार्डातल्या प्रत्येक वर्तुळात एकेक गोळी घालायची. वर्तुळाच्या मधोमध लागली तर दहा गुण, म्हणजे सगळे मिळून अडीचशे. बघणारा म्हणतो, ह्यात काय अवघड आहे, रायफल तर टेबलच धरतंय! पण बावीस बोअरची ती इवलीशी गोळी, तिला कोणीही ढकलावं. वारा जरा कुशीवर वळला की गेली दहाची नऊ. म्हणून सगळा जीव त्या वाऱ्यात. टेबलापासून चौकटीपर्यंत ओळीने छोटे छोटे झेंडे रोवायचे, ते काय सांगतात ते बघत बसायचं, आणि ते गप्प झाले की हळूच चाप ओढायचा.

वेंडेलने हे नऊ वर्षांपूर्वी सुरू केलं, बायको सोडून गेल्यावर. शनिवार जाईना म्हणून. पहिल्या दिवशी त्याचे गुण असे पडले, की डॉयल शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "गड्या, तुझ्यासमोर कार्ड सुरक्षित आहे. ह्याला घरी घेऊन जा आणि पाळ." तिथून मैत्री. डॉयल बसायचा सहावर, वेंडेल सातवर. झेंडे डॉयलचे, कॉफीच्या डब्यांचे पत्रे कापून त्याने स्वतः बनवलेले, मागे गुलाबी फितीची शेपटी. ते तो दोघांच्या मधोमध रोवायचा. वेंडेलने स्वतःचे झेंडे कधी केलेच नाहीत. "करशील कधी?" असं डॉयल विचारायचा आणि वेंडेल म्हणायचा, "तू आहेस ना."

क्लबच्या भिंतीवर एक फळा आहे. ज्याने ज्याने स्पर्धेत अडीचशे केले त्याचं नाव त्यावर पितळेत. मोजून सात नावं, आणि ह्या दोघांचं त्यात नाही. डॉयलचे दोनदा दोनशे एकोणपन्नास झाले होते. दोन्ही वेळा एकेका गोळीने दगा दिला, आणि दोन्ही वेळा त्याने वेंडेललाच शिव्या घातल्या, की तू शेजारी श्वास घेत होतास म्हणून. वेंडेलही हळूहळू वर सरकत गेला. आधी दोनशे तीस, मग चाळीस, मग गेल्या उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस. पहिलं नाव कोणाचं लागणार, हा दोघांतला कायमचा तंटा. "माझं लागलं, की तू त्याच्याखाली उभा राहून फोटो काढायचा, टोपी काढून," डॉयल म्हणायचा.

आता ही क्लबची रीत ऐका. सभासद गेला, की पुढच्या स्पर्धेत त्याचं टेबल मोकळं ठेवतात. शेवटच्या फेरीला त्याच्या चौकटीवर एक कोरं कार्ड लावतात, मागे त्याच्या नावाची चिठ्ठी. आजूबाजूचे सगळे गोळ्या झाडतात, त्या कार्डाला कोणी शिवत नाही. मग ते उतरवायचं, सगळ्यांनी कडेला सह्या करायच्या, आणि घरच्यांच्या हातात द्यायचं.

त्यासाठीच तर डॉयलची बायको नडीन आली होती. चर्चला जायचा निळा कोट घालून ती मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. एवढ्या वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्या वेंडेलने पार मातीत घातल्या. झेंड्यांवाचून तो आंधळा, आणि दुसऱ्याचे मागायला तोंड उघडेना. शेवटच्या फेरीआधी सगळे टोप्या काढून उभे राहिले. हॉबर्टने कोरं कार्ड लावलं, आणि जाता जाता, कोणाला न विचारता, डॉयलच्या घरून आणलेले त्याचे झेंडे नेहमीसारखे मधोमध नव्हे, तर थेट सहा नंबरच्या टेबलासमोर ओळीने रोवले. चांगल्या मनानेच केलं हो त्याने.

वेंडेल खाली बसला. समोर ते पत्र्याचे झेंडे, ती गुलाबी शेपटी. डोळे पुसायचे की रायफल नीट लावायची, हेच त्याला कळेना. नऊ वर्षं तो त्या झेंड्यांवरून नजर नेत नेतच कार्डापर्यंत पोचत आलेला. आजही तसाच गेला. पहिला झेंडा, दुसरा, तिसरा, शेवटचा, आणि त्याच्या मागे कार्ड. दुर्बिणीत एका वेळी एकच कार्ड मावतं. त्याने रायफल तिथेच बसवली.

मग मात्र कमाल झाली. झेंडे बोलायला लागले. थांब. अजून थांब, शेपटी खाली येऊ दे. आता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड हलला. एकेक वर्तुळ, एकेक गोळी, सगळ्या बरोबर मधोमध. शेवटची गेली तेव्हा त्याला कळलं होतं, की हे अडीचशे आहेत. तो टेबलावर कपाळ टेकून थोडा वेळ तसाच बसला होता. लोकांना वाटलं, डॉयलची आठवण आली असेल.

आणि आता ते कार्ड हॉबर्टच्या हातात होतं.

"अरे देवा," वेंडेल म्हणाला. "अरे देवा, मी हे काय केलं?"

व्हर्डाबाईंनी कार्ड घेतलं, भिंग लावलं आणि पहिल्यापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत गेल्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अडीचशे," त्या म्हणाल्या.

हॉबर्टने हळूच मागे बघितलं. नडीन खुर्चीवरून उठली होती, पण तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तो खालच्या आवाजात घाईघाईने बोलायला लागला. "हे बघा, चुकीच्या कार्डावर मारल्या तर गुण नाहीत, हा नियम आहे. पण सहावर कोणी खेळतच नव्हतं. कोणाचं नुकसान नाही. वेंडेलला द्यायचे का हे गुण? हात वर करा."

सगळे हात वर गेले. नेहमी भांडणाऱ्यांचेसुद्धा.

"मला काय," व्हर्डाबाई म्हणाल्या. "ज्याचं नाव मागे, त्याचं कार्ड, एवढंच मला कळतं. सगळ्यांचं म्हणणं असेल तर चिठ्ठी बदलते." त्यांनी कार्ड उलटं केलं आणि डॉयलच्या नावाच्या चिठ्ठीखाली नख घातलं. चिठ्ठीचा कोपरा सुटला, बरोबर कागदाचा थोडा पापुद्राही निघाला.

वेंडेलला ते अडीचशे हवे होते. उगाच थोरपणाच्या गोष्टी कशाला सांगा. रंग ढवळण्यात जन्म गेला होता. बायको जाताना म्हणाली होती, तुझ्यात सांगण्यासारखं काही नाही. हे एक सांगण्यासारखं होतं. आणि गोळ्या त्याच्याच होत्या, खोटं त्यात काहीच नव्हतं. नख आणखी आत गेलं. चिठ्ठीवरचं नाव मधोमध वाकलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काय?"

"राहू द्या ते. चिकटवा परत."

"वेडा झालास का रे?" हॉबर्टने त्याचा दंड धरला. "पुन्हा होणार आहेत का तुझ्याच्याने?"

"नाही होणार. माहितीये मला. व्हर्डाबाई, ते नाव काढू नका. माझं कोरं कार्ड धरा."

"मग तुला शून्य लागेल, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि डॉयललाही हे देता येणार नाहीत. गेलेल्या माणसाचे गुण मी लिहीत नाही. फळ्यावर कोणाचंच नाव लागायचं नाही."

"नाही लागलं तर नाही."

त्यांनी चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली आणि निकालाच्या पाटीवर खडूने लिहिलं: टॅकेट, शून्य.

तोपर्यंत नडीन येऊन पोचली होती. तिने टेबलावरचं कार्ड बघितलं, मग सगळ्यांचे चेहरे.

"हे डॉयलचं ना? हे कोरं असणार होतं ना?"

वेंडेल पुढे झाला आणि म्हणाला, "मी मारलं, नडीन. चुकून. सगळंच्या सगळं."

ती त्याच्याकडे वळली. "तू? अरे, अख्ख्या क्लबात दुसरं कोणी मिळालं नाही? त्याची शवपेटी खांद्यावर घेतलीस ना रे तू! एक कागद. एक कोरा कागद सोडवला नाही तुम्हाला?"

"कपाटात अजून कोरी कार्डं आहेत," हॉबर्ट चाचरत म्हणाला. "अगदी नवं देतो. लगेच सह्या करून..."

"ते त्याच्या जागेवर लागलं होतं का?"

"नाही, ते..."

"मग त्यावर काय, किराण्याची यादी करू?"

वेंडेलला वाटलं, हिने आपल्या मुस्कटात मारली तर बरं होईल. "त्याचे झेंडे दिसले," तो म्हणाला. "मी त्यांच्या मागे मागे गेलो. नेहमीसारखा. ते कार्ड कोणाचं आहे हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, नडीन. शप्पथ."

नडीनने खुर्ची ओढली, पर्समधून चष्मा काढला आणि कार्ड पुढ्यात घेतलं.

"दर शनिवारी असला एक कागद घरी यायचा," ती म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर पसरायचा आणि सुरू. 'ही बघ नडीन, ही वाऱ्याने नेली. ही बघ, इथे मी घाई केली.' मी बटाटे सोलत हूं हूं करायची. एकदा मान वर करून बघितलं नाही." तिने कार्ड वेंडेलकडे सरकवलं. "आता तू सांग. ह्यातली कुठली वाऱ्याने नेली?"

"एकही नाही."

"असं कसं? एखादी असेल की."

"नाही गं. सगळ्या मधोमध आहेत."

"मग तो मला काय सांगत बसला असता?"

वेंडेलने कार्ड परत तिच्या पुढ्यात सरकवलं. "काहीच नाही. नुसतं पुढ्यात ठेवून उभा राहिला असता. तू बघेपर्यंत."

नडीनने मान खाली घातली आणि बघायला लागली. बोट ठेवून, ओळीने, एकही न गाळता. सगळे उभे होते. तिचं शेवटचं वर्तुळ होईपर्यंत कोणी हललं नाही.

"करा सह्या," ती म्हणाली.

पेन फिरलं. कडेला जागा शोधून शोधून प्रत्येकाने नाव घातलं. वेंडेलने हात पुढे केला तेव्हा तिने पेन बाजूला घेतलं. "तू कशाला? तुझं काम झालंय."

कार्ड घेऊन ती उठली. आता, ह्या लोकांत कार्ड कोणी दुमडत नाही. चांगलं कार्ड पुठ्ठ्यात घालून, गाडीच्या मागच्या सीटवर सपाट झोपवून घरी नेतात. नडीनला हे कोण सांगणार? तिने कार्ड मधोमध दुमडलं. घडी थेट मधल्या ओळीतल्या भोकांवरून गेली. हॉबर्टने डोळे मिटले. "अगं...!" व्हर्डाबाईंच्या तोंडून निघालंच होतं, पण वेंडेलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या थांबल्या. नडीनने आणखी एक घडी घातली, नखाने दाबली, कार्ड पर्समध्ये रुमालाशेजारी ठेवलं आणि चेन लावली.