आठवा टाका

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालणारे शिलाई मशीन आहे. कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी मी सुखात होते. सात टाके नीट घालून आठवा चुकवायची खोड मला पहिल्यापासून, त्यामुळे बाईंची बोलणीही रोज खायचे.

एका दुपारी पाच वर्षांच्या लेकीच्या फ्रॉकला एक बाही लावून बाई गिऱ्हाइकाकडे गेल्या आणि तेवढ्यात चोराने मला पळवले. आठवड्यात आम्ही दोघे पकडले गेलो. चोर जामिनावर सुटला. मी मात्र पुरावा ठरले आणि कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत अडकले. बाईंनी भर कोर्टात मला ओळखले, तरच मी घरी जाणार होते.

तारखांवर तारखा पडल्या. कधी साक्षीदार गैरहजर, कधी वकील आजारी. न्यायाधीश तर तीन बदलले. बाई दर वेळी हातातले काम टाकून यायच्या आणि पुढची तारीख घेऊन जायच्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

खोलीचे कारकून मात्र देवमाणूस. तुटकी कुलुपे आणि गंजक्या सायकली यांच्या गर्दीत त्यांनी मला जीव लावला, न चुकता तेल घातले. नवव्या वर्षी बाईंची साक्ष लागली, तेव्हा हौसेने मला काळा रंगही दिला. "घरी जायचंय, जरा नटायला नको?" म्हणाले.

झाले! बाईंनी तक्रारीत लिहिलेला ओरखडा रंगाखाली गडप झाला.

"दाखवा ना बाई, कुठंय ओरखडा?" चोराचे वकील खुशीत आले. कारकुनांचा चेहरा पडला.

"साहेब, हे सात टाके घालतं आणि आठवा चुकवतं. शिवून दाखवू?" बाई म्हणाल्या.

"कापड कुठंय?" न्यायाधीशांनी विचारले.

"वकीलसाहेबांचा गाऊन उसवलाय की!"

सगळे कोर्ट हसले. बाईंनी पिशवीतले रीळ काढले. सात टाके पडले, आठवा चुकला. पुन्हा सात, पुन्हा आठवा चुकला. माझ्या खोडीचे एवढे कौतुक कधीच झाले नव्हते. चोराला शिक्षा झाली आणि मी घरी आले.

बाईंनी पेटीतून तो फ्रॉक काढला आणि आधी त्याची दुसरी बाही लावली. आता आईहून उंच झालेली लेक हसत म्हणाली, "आई, यात माझा हात तरी जाईल का गं?" बाईही हसल्या आणि मग त्यांनी फ्रॉकमध्ये तोंड लपवले.

मित्रांनो, मी आता मजेत आहे. वेळच्या वेळी तेल मिळाले, तर आम्ही यंत्रे कितीही वाट पाहू. पण उद्या तुमच्यापैकी कुणी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले, तर पुढची तारीख देण्याआधी क्षणभर थांबा. घरी एखादे मूल त्या तारखेपर्यंत मोठे होणार असते.