बुदाचं पोट, नेदाचे हात

“ती पोरगी माझ्या पोटाला हात लावणार नाही, सांगून ठेवतो!”

बुदा खाटेवर तावातावाने उठून बसत होता आणि कळ आली की पुन्हा आडवा होत होता. बुदिमिर म्हणजे माझा नवरा. आमच्या सर्बियात लेस्कोवात्स ते निश, सगळा जन्म त्याने बस चालवली. आणि ‘ती पोरगी’ म्हणजे आमच्याच इमारतीतल्या रादोयकाची नेदा. आता चांगली सर्जन झालीय. पण बुदाच्या डोक्यात ती अजून आमच्या तळघरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातच बसलेली. शाळा सुटली की थेट तिथे. हा पाळी संपवून यायचा तेव्हा खाली वाकून ओरडायचा, “नेदा, घरी जा, डोळे फुटतील!” ती पडद्यावरून नजर काढेल तर शपथ.

मुळात दुखणं एवढं चिघळवलं यानेच. पहिल्यांदा बरगडीखाली कळ आली तेव्हा म्हणे, स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, वाऱ्याचा झोत लागला. आमच्याकडे झोताने काय काय होतं म्हणून सांगू! मान धरते, दात दुखतात, माणसं मरतातसुद्धा. साऱ्या इमारतीने माना डोलावल्या. मग राकियात भिजवलेलं फडकं पोटावर, वर लोकरीचा पट्टा, खिडक्या गच्च बंद. त्या दारूच्या वासाने मलाच झिंग यायची. शेवटी ताप चढून हा बरळायला लागला, तेव्हा कुठे इस्पितळात आणला. पित्ताशयात खडे, आणि ते सुजून टम्म झालेलं.

मीही रीतीप्रमाणे कॉफीचं पाकीट आणि घरच्या राकियाची बाटली घेऊन मुख्य डॉक्टरांना, वुकाशिनना, गाठलं. म्हटलं, ऑपरेशन तुम्हीच करा. त्यांनी बाटली परत माझ्या पिशवीत सारली.

“कॉफी ठेवतो, विदाबाई. पण कॅमेरा आत घालून करायचं तर नेदाच. पडद्याकडे बघत हात चालवायला मी उतारवयात शिकलो, तिचा हात आधीच बसलेला होता. मी शेजारी उभा राहीन.”

हे सांगितल्यावरच बुदा असा भडकला होता. “म्हणजे तळघरात उनाडक्या केल्या, तीच हिची डॉक्टरकी!”

नेमकी तेव्हाच नेदा आत आली. ऐकलं होतं तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाटेच्या कडेला बसली. “काका, खोटं कशाला बोलू? आत सगळं उलटं चालतं. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. ते मला गेममुळे पटकन जमलं. पण कुठली नळी कापायची आणि कुठली नाही, हे गेमने नाही शिकवलं. ते शिकण्यात माझं तारुण्य गेलं.”

“आणि तिथे मेलीस की पुन्हा पहिल्यापासून सुरू!”

“हो. इथे तसं नसतं. म्हणून मला दर वेळी भीती वाटते.”

“ऐकलंस, विदा? डॉक्टरीण म्हणते मला भीती वाटते!”

“ऐकलं,” मी म्हटलं. “वाटतेय ना तिला भीती? मग कर सही. तुला वाटली असती तर आठवडाभर पोटाला दारू पाजत बसला नसतास.”

पुटपुटत का होईना, केली त्याने सही.

सकाळी त्याला आत नेलं. मी आणि रादोयका बाहेर बाकावर. तासाभराचं काम म्हणाले होते. तास झाला, दुसराही होत आला. मग परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, “छिद्रांमधून नाही जमलं. पोट उघडलंय.”

माझी जीभ सुटली. “झालं समाधान? तुझ्या पोरीने मारला माझा बुदा! खेळच वाटला तिला!” रादोयका माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. बिचारी नुसती माझी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

वुकाशिन बाहेर आले तेव्हा ते हसत होते. “सुखरूप आहे तुमचा ड्रायव्हर. पित्ताशय सडून आतड्याला चिकटलं होतं. नळी कुठली, रक्तवाहिनी कुठली, काही उमगेना. नेदाने हत्यारं बाहेर काढली आणि म्हणाली, उघडूया. अगदी तेच करायला हवं होतं. ज्यांच्या हातात सफाई असते ना, ती पोरं अशा वेळी ऐकत नाहीत. अजून एकदा बघतो, अजून एकदा बघतो, आणि कापतात भलतंच. हिने सोडून दिलं.”

मी रडले. रादोयकाच्या गळ्यात पडून घळाघळा रडले. “माझ्या जिभेला काही हाड नाही गं,” म्हटलं. “ते कधी होतं?” ती म्हणाली आणि तीही रडायला लागली. मग आम्हाला दोघींना अशी काही भूक लागली की खाली जाऊन आम्ही चीज घातलेलं बुरेक उभ्याउभ्याच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बुदाने चादर वर करून पोट बघितलं.

“तीन भोकं म्हणाली होतीस. हे तर पोतं शिवल्यासारखं शिवलंय.”

“मला हार मानावी लागली, काका,” नेदा म्हणाली.

त्याने चादर पुन्हा खाली ओढली. “तळघरात मानली होतीस कधी?”

“छे! आई कानाला धरून वर न्यायची.”

बुदा हसला आणि त्याने कळवळून पोट धरलं. “ए, हसवू नकोस, टाके उसवतील!”

घरी सोडलं त्या दिवशी नेदाची ड्यूटी दुपारीच संपत होती. टॅक्सी कशाला, मी नेते, म्हणाली. तिची जुनीपुराणी गाडी. बुदा पुढे बसला, मी मागे. माझी खात्री होती, हा आता गाडीभर शिकवणी घेणार. दुसऱ्या कुणाच्या हातात चाक असलं की याचा जीव टांगणीला. गिअर बदल, ब्रेक दाब, तो सायकलवाला बघ. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मेव्हण्याला उठवून चाक याने स्वतःकडे घेतलं होतं. परक्याच्या गाडीत याचा डोळा लागलेला मी आयुष्यात पाहिला नाही.

नदीवरच्या पुलाआधी सिग्नल लागला. मागून बघते तर बुदाची मान कलंडलेली आणि तोंड उघडं. घोरत होता.

नेदाने रेडिओ बंद केला आणि सिग्नल सुटल्यावर गाडी अगदी हळू पुढे काढली.