ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर

ओरेस्ट हनाटिवच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून नोव्हेंबरात कुणी नुसता वायपर घेऊन बाहेर पडत नसे. ओरेस्ट आधी चार शब्द सुनावी. "अजून उन्हाळ्याचेच फिरवताय? त्या उघड्या सांगाड्यात बर्फ जाऊन बसतं, मग पाती काचेला टेकतच नाही. हे घ्या, वरून अख्खं रबर चढवलेलं." मग उणे चाळीसलाही न गोठणारं, काच धुवायचं पाणी गळ्यात मारी. काच खरवडल्याशिवाय वायपर सुरू करायचा नाही, रबराची कड आठवड्याला फडक्याने पुसायची, हे दरवर्षीचं पाठांतर म्हणून दाखवी. आणि शेवटी कोट चढवून, गिऱ्हाइकाबरोबर बाहेर जाऊन दोन्ही पात्या स्वतःच्या हाताने बसवून देई. स्टेनवुड गावातले लोक म्हणत, ओरेस्ट वायपर विकत नाही, लेक सासरी पाठवतो.

त्या शनिवारी सकाळी दारात मायरन उभा राहिला. ओरेस्टचा थोरला भाऊ. दोघांत सात महिने बोलणं नव्हतं.

झालं होतं असं, की आईने विसरून दोनदा शेगडी पेटती ठेवली, आणि मायरन एडमंटनला लेकीकडे गेलेला असताना ओरेस्टने सही करून तिला यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात ठेवलं. फोनही केला नाही. मायरन परतला तो ईस्टरच्या जेवणाला. चर्चच्या तळघरात, हातात पिरोहींची, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, थाळी, अवतीभवती सगळा गाव. मोठ्याने म्हणाला, "जुनी गाडी भंगारात देतात तशी आई देऊन आलास! धंदाच तो तुझा."

लोक हसले. मायरनचे शब्द ओरेस्टने एक वेळ गिळले असते, पण ते हसू काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

"वायपर हवेत," मायरन काउंटरकडे बघत म्हणाला. "उद्या यॉर्कटनला जायचंय." दर रविवारी तो आईकडे जाई. एकही चुकवला नव्हता.

ओरेस्टने मापाची जोडी काढली आणि चांगली तीच दिली. नेहमीचं पाठांतर नाही, कोटही चढवला नाही. मायरन क्षणभर घुटमळला, मग जोडी काखेत मारून बाहेर गेला.

"जा की," ओरेस्टची बायको वेरा म्हणाली. "बोटं गोठतील त्याची."

"सहासष्ट वर्षांचा घोडा आहे. येतं त्याला."

"त्याला खिळा ठोकता येत नाही, आणि हे तुला माहीत आहे."

ओरेस्ट दुकानाच्या काचेशी जाऊन उभा राहिला. मायरनने पहिली पाती बसवली, ती बसली. ड्रायव्हरच्या बाजूची बसेना. त्याने हातमोजे काढले, बोटांवर फुंकर मारली, पुन्हा खटपट केली. दांड्याच्या आकड्यात पाती अडकली, पण वरची खिट्टी लागली नव्हती. इतरांना कळलं नसतं, पण ती जराशी तिरकी लोंबत होती, आणि ओरेस्टची नजर या कामात तीस वर्षं मुरलेली. त्याचा हात दाराच्या मुठीवर गेला. तेवढ्यात मायरन गाडीत बसला.

'संध्याकाळी फोन करून सांगू,' ओरेस्ट मनाशी म्हणाला. संध्याकाळ झाली, फोन केला नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला ओलं बर्फ पडत होतं. समोरून आलेल्या धान्याच्या ट्रकने रस्त्यावरचा सगळा बर्फाळ राडा मायरनच्या काचेवर फेकला. त्याने वायपरचा वेग वाढवला, आणि ड्रायव्हरच्या बाजूची पाती उडून गेली. उघडा दांडा काचेवर करकरत राहिला. समोर नुसतं पांढरं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरून, रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीच्या भिंतीवर आदळली.

खुबा आणि मांडी मोडली. रेजायनाच्या इस्पितळात त्याला नऊ आठवडे काढावे लागले. पोलिसांना त्याने स्वतःच सांगितलं, "माझीच चूक, नीट बसली नव्हती." ओरेस्टला कुणी काही विचारलं नाही.

मग रविवारी आईकडे ओरेस्ट जाऊ लागला. तिला आता माणसं ओळखू येत नव्हती. त्याचा हात धरून ती विचारी, "मायरन, रस्ता कसा होता रे?"

"मोकळा होता, आई."

"सावकाश जा हो परत."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. मायरनला खाटेवरून हलवता येत नव्हतं. त्याच्याविनाच तिला माती दिली.

दुसऱ्या दिवशी ओरेस्ट रेजायनाला गेला. टोपी हातात धरून उभ्याउभ्याच बोलला. "ती खिट्टी लागली नव्हती. मी आतून बघत होतो. मला दिसलं होतं, मायरन."

मायरनने मान त्याच्याकडे वळवली.

"तू काचेशी उभा होतास ते मलाही दिसत होतं," तो म्हणाला. "मला जमत नव्हतं. एक हाक मारली असती तर आला असतास?"

"आलो असतो."

"ठाऊक होतं मला. म्हणूनच नाही मारली." त्याने खुर्चीकडे हात केला. "बस खाली. असा पाहुण्यासारखा उभा राहू नकोस."

ओरेस्ट बसला. आई कशी गेली, ते मायरनने खोदून खोदून विचारलं, आणि ओरेस्टने जमेल तेवढं सांगितलं. शेवटच्या रविवारी ती कुणाचं नाव घेत होती, तेही सांगितलं. मायरनने तोंड भिंतीकडे वळवलं.

एप्रिलमध्ये लेकीने मायरनला एडमंटनला नेलं. गाडी त्याने पुन्हा चालवली नाही. भावाभावांत बोलणं सुरू झालं, नाही असं नाही. दर रविवारी फोन होतो. हवा कशी, पाय कसा, नातवंडं काय म्हणतात. दहा मिनिटांत विषय संपतात, तरी दोघांपैकी कुणी आधी फोन ठेवत नाही.