न सांडलेला थेंब

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात रूपरावजी कंपाउंडरच्या हातून औषधाचा थेंब सांडलेला कोणी पाहिला नव्हता. खुद्द रूपरावजींनी तर नव्हताच नव्हता. बावीस वर्षांत किती इंजेक्शनं भरली असं कोणी विचारलं, की ते म्हणत, "आधी धाम नदीचं पाणी मोजून ये, मंग सांगतो." एकदा नाचणगावहून खाचरात, म्हणजे बैलगाडीत, पेशंट आणताना बैल उधळले, तरी त्यांनी चालत्या खाचरात सिरिंज भरली होती. बैल आर्वीच्या वेशीत जाऊन थांबले. औषध जागचं हललं नाही. बैल कोणाचे होते असं विचारलं, की रूपरावजी चुन्याची डबी काढून तंबाखू मळायला घेत.

त्यांची खरी शान म्हणजे पिचकारी. सिरिंज उभी धरून आतली हवा काढताना ते औषधाची केसाएवढी धार अशी सोडत, की ती खिडकीच्या गजांमधून थेट बाहेरच्या कण्हेरीवर पडे. हे सांडण्यात धरायचं नाही. ही कला होती.

कॅन्सरच्या वॉर्डातली लाल-पिवळी औषधंही ते अशीच बनवत. खिडकीपाशी टेबल, डोक्यावर पंखा, गालात तंबाखू आणि ॲप्रनच्या खिशात एक पेरू. पेरू गुलाबसाठी; ती त्याला जाम म्हणे. त्यांची ही एकुलती एक लेक लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी फाटकाशी पेरू निवडून घ्यायचा, तिथल्याच नळावर धुवायचा, दिवसभरात चार वेळा खिशात हात घालून दाबून बघायचा आणि संध्याकाळी लेकीच्या हातात द्यायचा, हा त्यांचा नेम.

शहाऐंशीच्या दिवाळीआधी जिजा मडावी सिस्टर मुंबईहून महिन्याचं ट्रेनिंग घेऊन आली. आल्या आल्या तिनं पंखा बंद केला.

"काऊन बंद केला, बाई? मले उकडून मारतं काय?"

"काकाजी, हे औषध बनवताना वारं नाई पाहिजे. बारीक तुषार उडते, दिसत नाई, पण अंगात जाते. हातात दोन-दोन मोजे, तोंडाले मास्क, लांब बाह्यांचा गाऊन. सिरिंजीतली हवा बाहेर नाई काढायची, बाटलीतच काढायची, सुईभोवती स्पिरिटचा बोळा धरून. अन् या टेबलावर तंबाखू बंद."

"अजून काई राह्यलं? डोळ्याले पट्टी?"

"चष्मा," जिजा शांतपणे म्हणाली.

दाराजवळच्या खाटेवर कारंजाचे अण्णाजी होते. आयुष्यभर हायवेवर ट्रक चालवलेला माणूस. लाल औषधाची त्यांची ही पाचवी फेरी. डोक्यावरचे केस गेले होते, जीभ शाबूत होती. ते म्हणाले, "सिस्टर, माह्या अंगात तर बाटलीभर चालली, अन् तुमी थेंबाले भेता?"

"तुमच्या अंगात दुखणं आहे अण्णाजी, त्याले ते मारते. काकाजीच्या अंगात मारायसारखं काय आहे?"

"गर्व आहे न बाप्पा. दोन बाटल्या लागतीन."

सगळा वॉर्ड हसला. रूपरावजींच्या मिशा थरथरल्या. त्यांनी करदोट्याला बांधलेली औषधांच्या कपाटाची किल्ली वर काढून दाखवली. ही किल्ली बावीस वर्षांत आंघोळीलाही सुटली नव्हती. त्यांची बायको शकुबाई म्हणे, मंगळसूत्र माझ्या गळ्यात आहे, पण लग्न यांचं किल्लीशी झालंय.

"माह्या हातून एक थेंब सांडला, तर ही किल्ली तुही. अन् नाई सांडला, तर तुहे मोजे, चष्मा सारं कपाटात, अन् पंखा चालू. मंजूर?"

"मंजूर," जिजा म्हणाली. "उद्या सकाळी. पण खरं औषध नाई, मी देईन ते पाणी."

दुसऱ्या दिवशी तिनं एक बाटली आणली. आत फिक्कट पिवळं पाणी. शेजारी वाटीत चुन्याची निवळी आणि कापसाचे बोळे. आधी तिनं रूपरावजींना कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले. मग निवळीत बुडवलेला बोळा त्यांच्या बोटांवरून, टेबलावरून, नव्या धुतलेल्या ॲप्रनवरून फिरवला. बोळा पांढराच राहिला. मग तिनं सगळं साध्या पाण्यानं पुसून कोरडं केलं.

"हे कायचे उपचार?"

"काई नाई. सारं कोरं आहे, एवढं अण्णाजीनं पाह्यलं पाहिजे."

"पाह्यलं," अण्णाजी म्हणाले. "कोरं आहे. मिशीसुद्धा."

पंखा सुरू झाला. रूपरावजींनी बाटलीच्या बुचात सुई खुपसली, पाणी ओढलं, टिचकी मारली, सिरिंज उभी केली आणि धार सोडली. धार गजांमधून गेली, कण्हेरीचं पान हललं. एक, दोन, तीन सिरिंजा भरल्या. मधे त्यांनी सवयीनं खिशात हात घालून पेरू चाचपला. मग सिरिंजा ट्रेमध्ये मांडल्या आणि दोन्ही हात पसरून ते वॉर्डाकडे वळले, मंत्री सभेत वळतो तसे.

"शोध, बाई. टेबल कोरडं, ॲप्रन कोरडा. कुठं आहे थेंब?"

थेंब खरंच कुठं दिसत नव्हता. मग रूपरावजींनी जिंकलेला माणूस करतो ते केलं: डबी काढली, तळव्यावर तंबाखू घेतली, वर बोटभर चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागले.

मळता मळता अंगठा लाल झाला.

त्यांनी तो झटकला. तळवा लाल झाला. घाईघाईनं मिशीवर हात फिरवला, तर मिशीला कुंकवाचा पट्टा.

"अरे बाप्पा!" अण्णाजी उठून बसले. "रूपरावजी, हे हळदीकुंकू कधी झालं? आमाले बोलावणं नाई!"

"पाण्यात हळद होती," जिजा म्हणाली. "स्पिरिटात भिजवून गाळलेली. हळदीले चुना लागला का लाल होते, तुमच्या घरीच माहीत आहे."

"सकाळच्या वरणाची असन हळद!"

"म्हणूनच तर आधी हात धुवून पुसून पाह्यलं न, काकाजी."

तिनं बोळा फिरवायला सुरुवात केली. टेबलावर बोळा लाल. बाहीवर लाल. पंख्याखालच्या माठाच्या झाकणावर बारीक बारीक लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याला अण्णाजी मोठ्यानं आकडा देत होते. सतराव्याला रूपरावजी स्वतःच हसले. हरलेला माणूस हसला की अर्धी हार वाटली जाते, हे त्यांना ठाऊक होतं.

"झालं आता. घे किल्ली."

"एक राह्यलं. खिशातलं द्या."

रूपरावजींचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी पेरू काढून दिला. धुतलेला, पिकलेला, छान पिवळा. जिजानं त्यावरून हलक्या हातानं बोळा फिरवला.

पेरूवर चार बोटं आणि एक अंगठा उमटला.

अण्णाजी आकडा द्यायला तोंड उघडून बसले होते. त्यांनी ते मिटलं. रूपरावजींनी आपला हात पेरूजवळ नेला. बोटं बरोबर बसत होती. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला नाही, तो आपोआप झाला: गुलाब आली त्या दिवसापासून रोज एक.

"सिस्टर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती धुवून खाते. पण कधी कधी..."

"आजपासून पेरूले काई नाई लागन," जिजा म्हणाली. "डॉक्टरबाईले उद्या दाखवून घ्या तिले. अन् तिले घाबरवू नका."

त्यांनी करदोटा सोडून किल्ली टेबलावर ठेवली. जिजानं ती बोळ्यानं पुसली आणि त्यांच्यासमोर सरकवली; वर मोज्यांचे दोन जोड ठेवले.

"हात तुमचेच पाहिजेत, काकाजी. एवढा स्थिर हात मुंबईतही नाई पाह्यला मी. फक्त झाकून ठेवा."

अण्णाजींनी खाटेवरून विचारलं, "अन् पिचकारी?"

"पिचकारी रंगपंचमीले," रूपरावजी म्हणाले आणि उठून स्वतःच पंखा बंद केला.

त्या संध्याकाळी ते कपडे दवाखान्यातच बदलून, कोपरापर्यंत तीनदा हात धुऊन, रिकाम्या हातानं घरी गेले. गुलाब ओट्यावर वाट बघत होती.

"बाबाजी, माहा जाम?"

"नाई आणला."

"काऊन?"

उधळलेल्या बैलांची गोष्ट होती, हलणाऱ्या कण्हेरीची होती. बावीस वर्षांच्या साठ्यात पेरूला शोभेल अशीही एखादी सापडली असती. रूपरावजींनी डबीकडे हात नेला, तो मधूनच परत घेतला.

"सांडला, माय," ते म्हणाले. "माह्या हातून सांडला."

आतून शकुबाईंच्या हातची पळी खणकन पडली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.